एका मापाच्या दोघी

१

नवे कपडे घरी आले की धाकटी आधी तोंड धुवायची. पावडर, क्रीम, ओठांवरचा रंग सगळं साबणाने काढायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, गळ्यातली साखळी उतरवून ठेवायची आणि मगच पाकीट उघडायचं. तेही कात्रीने नाही, नखाने, चिकटपट्टी पुन्हा लावता येईल अशा बेताने. गळ्यामागचं लेबल टोचलं तरी काढायचं नाही, आत खोचायचं. लेबल निघालं की कपडा घरचा झाला, तोवर तो पाहुणा, आणि पाहुण्याला डाग लागता कामा नये असा तिचा कडक कायदा होता.

"ऑपरेशनच्या आधी डॉक्टरसुद्धा एवढे हात धूत नसतील," नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्याच्या नखांतलं ग्रीस सणकून घासलं तरी निघत नसे, त्यामुळे पाकिटाच्या आसपास फिरकायलाही त्याला बंदी होती. फक्त पाठीची चेन लावायची वेळ आली की त्याला हाक जायची, आणि तो दोन बोटांत रुमाल धरून, चोरासारखा, ती चेन वर ओढून द्यायचा.

कपडे घालून बघायची जागा म्हणजे आतली खोली. कपाटाच्या दाराला उभा आरसा होता, समोर खिडकी, आणि पाठ बघण्यासाठी खिळ्याला एक हातातला आरसा टांगलेला. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेमी चढवून 'आता कसं वाटतंय?' असं विचारण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं, म्हणून एखादी गोष्ट नीट बसते की नाही हे आपल्याला नुसत्या नजरेने कळतं, असा तिचा समज होता.

आणि ती काही एकटीपुरते कपडे बघत नसे. तिची थोरली बहीण, ताई, लांबच्या शहरात पाळणाघर चालवायची. दोघींचं अंगाचं माप लहानपणापासून एकच. आई एकाच ताग्यातलं कापड आणून दोघींना शिवायची, पण माप घ्यायला उभी करायची फक्त धाकटीला, कारण टेप काखेखालून गेली की ताईला इतक्या गुदगुल्या व्हायच्या की ती हातातून निसटून थेट रस्त्यावर पळायची. "जाऊ दे तिला," आई म्हणायची, "धाकटीचं घेतलं की थोरलीचं आलं." पुढे दोघींचे संसार झाले, ताईचे यजमान गेले, मग आईही गेली, पण ही पद्धत काही मोडली नाही. ताईचे कपडे धाकटीच्याच पत्त्यावर यायचे. ती घालून बघायची, आवडले नाहीत तर परत करायची, आवडले तर ताईला धाडायची.

"तुला बसलं ना, ठमे?" ताई फोनवर म्हणायची. "मग मला बसलं."

धाकटीला ठमी म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाशी तिचं बोलणं बंद होतं.

२

भांडण झालं ते आईच्या शिलाई मशीनवरून. ताईने ते कुणा ओळखीच्या बाईला देऊन टाकलं, न विचारता, आणि वर सहज सांगावं तसं फोनवर सांगितलं. धाकटीचा राग मुळात नाकाच्या शेंड्यावर. ती बोलत सुटली आणि बोलता बोलता म्हणाली, "यापुढे तुझं माप तू घे."

पलीकडून ताई नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढंच. कुणाला सांगितलं तर हसेल इतकं छोटं भांडण. पण दोघी आईच्याच लेकी, हट्टाला पेटल्या की मागे हटणाऱ्या नव्हेत. दिवस गेले, महिने गेले. धाकटी रोज मनात म्हणायची की तिनेच करावा फोन, मशीन तिने दिलं. आणि रोज मनातच उत्तर द्यायची की बोललीस मात्र तू.

मग ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. भाचीने स्वतः कळवलं. धाकटीने त्याच दिवशी ठरवलं, ताईला कपडे पाठवायचे. फोन करायला जीभ उचलत नव्हती तर नको, कपडे बोलतील. दोघींना एकसारखा ड्रेस, गर्द निळा, लांब बाह्यांचा, पाठीला चेन असलेला, लहानपणी आई शिवायची तसा एका ताग्यातला जोड. ताई पाकीट उघडेल, काय ते समजेल, आणि फोन करून म्हणेल, 'तुला बसलं ना, ठमे?' त्यापुढचं बोलणं धाकटीने भांडी घासताना कितीदा तरी पाठ केलं होतं.

ड्रेस आले ते सुट्टीच्या दिवशी, दुपारी. धाकटीने हातपाय धुतले, आतली खोली लावून घेतली आणि आधी स्वतःचा चढवला. नवऱ्याला हाक मारून चेन लावून घेतली. ड्रेस असा बसला की तिलाच हसू आलं. खांदे खांद्यावर, कंबर कमरेत, बाही मनगटावर येऊन थांबलेली.

"हा ठेव," नवरा दारातूनच म्हणाला. "यात तू मला परवडणारी दिसत नाहीस."

तो काढून, नीट घडी घालून तिने दुसरा उचलला. हा ताईचा. डोक्यातून घातला आणि हात बाह्यांत सरकवले, तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कापड अंगाला लागेचना. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. छातीशी मूठभर कापड जास्तीचं होतं, आणि चेन तिने स्वतःच, कुणालाही हाक न मारता, पाठीमागे हात नेऊन सहज वर ओढली.

आणि आत गार होतं. कपड्याच्या आत, अंग आणि कापड यांच्या मधल्या जागेत, फ्रिजचं दार उघडल्यावर येतो तसा गारवा होता.

तिने लेबल बघितलं. दोन्ही एकाच मापाचे. कंपनीने लेबल चुकीचं लावलं असणार, दुसरं काय. तिने ड्रेस काढला, पाकिटात घातला, चिकटपट्टी दाबून बसवली आणि मोबाइलवर परत करण्याचं कारण निवडलं, 'माप बसत नाही'. बदली ड्रेस मागवला. असा ढगळ कपडा पाठवून ताईच्या हाती कोलीत द्यायचं नव्हतं तिला. जाईल तो अगदी मापातलाच जाईल.

३

बदलीचा ड्रेस आला तो पहिल्यापेक्षाही सैल झाला.

या वेळी धाकटी जरा चिडली. तिने आपला आणि ताईचा असे दोन्ही ड्रेस पलंगावर एकावर एक पसरले. शिवणीवर शिवण बसली, काठावर काठ. नवऱ्याला हात धुवायला लावून आत घेतलं. तो आपली पोलादी टेप घेऊन आला.

"अहो, कपड्याची टेप आहे ना घरात."

"ही सरकारमान्य आहे," तो म्हणाला आणि दोन्ही ड्रेस लिफ्टचा खड्डा मोजावा तसे गंभीरपणे मोजले. छाती, कंबर, बाही. तसूभर फरक नव्हता. "सारखे आहेत."

"मग हा घातल्यावर बघा."

तिने ताईचा घातला. नवऱ्याने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि कमरेपाशी कापड चिमटीत धरलं. चिमटीत चांगलंच आलं. "बारीक झालीस की काय?" तो म्हणाला. मग तिने आपला घातला. तो असा चपखल बसला की चिमटीत धरायला काही नव्हतंच.

धाकटीचं डोकं हिशेबी. दुकानात गिऱ्हाईक म्हणालं की या काचेतून तिरकं दिसतं, तर ती आधी काच बदलून बघायची, मग फ्रेम, मग गिऱ्हाईकाचं नाक. इथेही तिने तेच केलं. नवरा बाहेर गेल्यावर तिने मनाशी ठरवलं, आता उलट. बदलून आलेला तो माझा. आणि इतके दिवस माझा म्हणून कपाटात होता तो ताईचा. ठरवलं फक्त, बाकी काही केलं नाही. आणि आधी जो ढगळ होता तो घातला.

तो बसला. खांदे खांद्यावर, कंबर कमरेत.

तिने तो काढला आणि दुसरा, जो सकाळपर्यंत तिचा स्वतःचा होता, तो 'हा ताईचा' असं म्हणत डोक्यातून घातला. कापड तिच्या अंगावरून कुठेही न अडखळता खाली घसरलं आणि लोंबत राहिलं. तोच गारवा पोटाशी लागला. ती भिंतीला हात टेकून उभी राहिली, कारण तिला एकाएकी धाप लागली होती, जिने चढून आल्यासारखी. आपण हात का टेकला हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिने घाईघाईने ड्रेस काढला आणि धाप थांबली.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. पण चुकचुकली म्हणून काय करायचं असतं, हे कुठे कुणाला माहीत असतं? ती पलंगावर बसून स्वतःला समजावत राहिली. जेवणानंतर पोट फुगतं, उभं राहण्यात फरक पडतो, एखाद्याच्या मनात ताईचा विषय खुपत असला तर अंग चोरलं जातं, आणि अंग चोरलं की कपडा सैल वाटतो. सगळी कारणं पटण्यासारखी होती. एकही पटलं नाही.

मोबाइल शेजारीच पडला होता. तिने ताईचा नंबर काढला. नुसतं एक बोट टेकवायचं होतं. काय म्हणणार पण? 'ताई, तुझा ड्रेस मला सैल होतो, तू बरी आहेस ना?' ताई हसली असती. किंवा हसली नसती, आणि मग मशीनचा विषय निघाला असता. धाकटीने मोबाइल उपडा ठेवला. आधी ड्रेस नीट बसू दे, मग बोलणं आहेच, असं ती मनाशी म्हणाली, आणि बदलीचा ड्रेसही परत करून टाकला. या खेपेला तिने ताईसाठी एक माप लहान मागवलं.

४

मधल्या दिवसांत भाचीचा फोन आला. धाकटी दुकानात होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होती, ही बरी की ही बरी. "मावशी, तू येशील ना लग्नाला?" भाचीने विचारलं. आवाज थकलेला होता. लग्नघर म्हटलं की थकायचंच, असं धाकटीला वाटलं.

"येणार म्हणजे काय. तुझी आई कशी आहे?"

मागे कुठेतरी भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाळणाघरातल्या मुलांचा गलका मात्र अजिबात आला नाही. दुपारच्या वेळी ताईचा फोन म्हणजे मागे मुलांची रडारड ठरलेली.

"बरी आहे," भाची म्हणाली. "मावशी, तूच कर ना तिला एकदा फोन."

"करते ना. तिच्यासाठी एक गंमत पाठवतेय, ती पोचली की करते."

"लवकर पाठव," भाची म्हणाली.

गृहस्थ ताटकळले होते. धाकटीने मोबाइल खिशात घातला आणि पुन्हा काचा बदलू लागली. ही बरी की ही बरी. गृहस्थ म्हणाले, दोन्हींतून सारखंच दिसतंय. मुलं का रडत नव्हती, हे तिने विचारायला हवं होतं. हा प्रश्न तिच्या तोंडाशी आला होता, अगदी ओठांवर, आणि तिने तो परत घेतला. पुढे कितीतरी दिवस ती चालता चालता मधेच थांबायची ते हाच प्रश्न आठवून.

५

लहान मापाचा ड्रेस आला. नवरा कामावर होता. दुपारची वेळ, गल्लीत कुणी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज खिडकीतून स्पष्ट येत होता. धाकटीने तोंड धुतलं, साखळी काढली.

हा ड्रेस खरं तर तिच्या खांद्यांतून खाली उतरायलाच नको होता. तिने हात वर केले, डोकं आत घातलं आणि कापड पावसाच्या पाण्यासारखं सरळ खाली आलं. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. गळा इतका मोठा की दोन्ही खांद्यांवरून घसरू पाहत होता. तिने आरशात बघितलं. चेहरा तिचाच होता, घाबरलेला. गळ्याखाली मात्र कापडाच्या आत माणूस आहे की खुंटी, हे कळत नव्हतं. तिने पोटावर हात ठेवला. हाताला आपलं नेहमीचं पोट लागलं, गुबगुबीत, ऊबदार. आरशात तिथे कापड आत गेलेलं होतं.

काढावा हा, असं वाटत असतानाच तिला वाटलं, एकदा चेन लावून बघू. चेन लावल्यावर बसेल कदाचित. तिने हात मागे नेला. टोक सापडेना. आणि तिचा हात चाचपडत असतानाच चेन वर जाऊ लागली.

हळू जात होती. कमरेपासून वर, दाता दाताने. पाठीच्या मध्यावर येऊन ती थांबली, आणि कापड आणि कातडी यांच्या मधून एक गार बोट आडवं सरकलं.

चेन लावताना मधे थांबून असं बोट आत घालणारं माणूस एकच होतं. लहानपणी आईने एकदा घाईत चेन ओढून धाकटीच्या पाठीचा चिमटा काढला होता, ती केवढी रडली होती, आणि त्या दिवसापासून तिच्या पाठीची चेन ताईच लावायची. निम्म्यावर थांबायची, आतून बोट फिरवायची, कातडी सापडत नाही ना ते बघायची, आणि मग वर न्यायची.

बोट वर सरकत गेलं. मागोमाग चेन. मानेशी येऊन थांबली. आत खोचलेलं लेबल कुणीतरी अलगद नीट केलं.

धाकटीला हलता येत नव्हतं. समोरच्या आरशात ती एकटीच उभी होती. खिळ्याला टांगलेला हातातला आरसा तिच्या हाताशी होता, आणि तो उचलू नये एवढं तिला पक्कं कळत होतं. तिने तो उचलला. खांद्यावरून मागे धरला आणि मोठ्या आरशात आपली पाठ बघितली.

निळं कापड. त्यावर आलेली, मणके मोजता येतील अशी मान. आणि मानेच्या वर, जिथे धाकटीचा अंबाडा असायला हवा होता तिथे, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला असते तेवढी विरळ लव. ताईचे केस कमरेखाली यायचे. वेणी घालताना दोन माणसं लागायची.

ते डोकं सावकाश वळायला लागलं.

आरसा तिच्या हातातून पडला. पुढचं तिने बघितलं नाही. चेन तोडून, ओढून, डोक्यावरून उपसून तिने तो ड्रेस पलंगावर फेकला आणि बाहेरच्या खोलीत येऊन, अंगाभोवती टॉवेल गुंडाळून, दाराला पाठ लावून बसली. आतून कसलाही आवाज आला नाही. फक्त एकदा, कुणी थंडीने दात आवळून श्वास आत घ्यावा, तसं काहीतरी ऐकू आलं. गल्लीतलं पाणीही असेल. तिने ते पाणीच ठरवलं.

६

परतीचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ड्रेस पाकिटात घालायचं काम नवऱ्याने केलं होतं, ग्रीसच्या हातांनी, आणि धाकटीने त्याला अडवलं नव्हतं. त्याला तिने एवढंच सांगितलं होतं की हा ड्रेस घरात नको. त्याने एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि थट्टा गिळून टाकली.

माणूस दारात उभा राहिला. पाकीट धाकटीच्या हातात होतं. पाकिटाला आतून ऊब होती, अंगातून नुकत्याच काढलेल्या कपड्याला असते तशी. कालपासून कुणीही तो घातला नव्हता.

"मॅडम, द्यायचंय ना?"

देऊ नये असं तिला वाटलं. डोक्याला नाही, हाताला. बोटं पाकीट सोडेनात. लेबल तोडावं, ड्रेस ठेवून घ्यावा, तसाच घेऊन आजच्या गाडीने ताईकडे जावं, असं सगळं एका दमात तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला ते वळणारं डोकं आठवलं आणि बोटं आपोआप सुटली.

"न्या," ती म्हणाली.

तो जिना उतरून गेला. खाली गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मगच धाकटीने मोबाइल घेतला आणि इतके महिने जे बोट उचलत नव्हतं ते ताईच्या नंबरावर टेकवलं. बराच वेळ वाजला. उचलला भाचीने.

"मावशी," ती म्हणाली, आणि पुढे नुसता हुंदका.

७

ताईला आपल्या आजाराचं मशीन देऊन टाकायच्या आधीच कळलेलं होतं. पाळणाघर तिने त्याच आठवड्यात बंद केलं. एकेक वस्तू ती हयातीतच मार्गी लावत होती, आणि मशीन कुणाला तरी उपयोगी पडावं म्हणून त्या बाईला दिलं. लग्न घाईने ठरवलं तेही त्यामुळेच. धाकटीला सांगायचं नाही अशी तिने मुलीला शपथ घातली होती. 'तिचा राग आधी जाऊ दे,' ती म्हणायची, 'नाहीतर ती कीव म्हणून येईल, आणि मला ठमीची कीव नको.'

हे भाचीने सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, ताईचं सगळं आटोपल्यावर, ताईच्या रिकाम्या खोलीत. पलंगाच्या चादरीला अजून एका अंगाची घडी होती. खुर्चीवर ताईचे कपडे ठेवलेले होते, धाकटीनेच आजवर घालून बघून पाठवलेले, एकूण एक.

"शेवटी तिला फार थंडी वाजायची गं," भाची म्हणाली. "तीन तीन पांघरुणं घातली तरी. फक्त कधीकधी, दुपारी, एकदम शांत व्हायची. म्हणायची, नवीन कपडा घातलाय मला कुणी, छान ऊब आलीय. मापात आहे म्हणायची. आम्ही बघायचो तर अंगावर तोच जुना गाऊन."

धाकटीने चादरीवरच्या त्या घडीवर हात ठेवला.

"आणि मग दचकून उठायची. थरथरायची नुसती. म्हणायची, काढू नको म्हणावं तिला. कुणाला गं आई, असं मी विचारलं की हसायची. औषधांनी बरळते असं वाटायचं आम्हाला. काल दुपारी तर..." भाचीने डोळे पुसले. "काल म्हणाली, आता नेलाच. आणि तोंड फिरवून झोपली."

धाकटीने खुर्चीवरचा एक कपडा उचलून मांडीवर घेतला. त्याची घडी तिने स्वतःच घातलेली होती, पाठवताना, ती अजून मोडलेली नव्हती. आपण एक बोट टेकवायला हवं होतं. आपण ढगळ तर ढगळ, पहिलाच ड्रेस पाठवायला हवा होता. ताईला कधी नीट बसणारा कपडा नको होता, तिला आपण घालून बघितलेला कपडा हवा होता, आणि आपण तो तिच्या अंगावर चढवला आणि ओरबाडून घेतला, एकदा नाही, दर वेळी. हे ती भाचीला सांगणार कशी? तिने भाचीला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या, आणि धाकटीच्या रडण्याचं खरं कारण फक्त धाकटीलाच माहीत होतं.

८

घरी परतल्यावर तिने कपाट उघडलं. एक निळा ड्रेस अजून तिथे होता, तिचा म्हणून ठेवलेला, गळ्याशी लेबल तसंच. परत करायची मुदत टळून गेली होती.

तिने तोंड धुतलं नाही. हातही धुतले नाहीत. ड्रेस घेऊन ती आरशासमोर उभी राहिली आणि मोठ्याने, खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हा ताईचा."

डोक्यातून घातला. हात बाह्यांत घातले. चेन तशीच उघडी ठेवली आणि पाठ दाराकडे करून वाट बघत राहिली. खिडकीतून ऊन येत होतं. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली. "ताई," ती म्हणाली, "चेन लाव ना." आता तिला त्या वळणाऱ्या डोक्याची भीती वाटत नव्हती. वळू दे, तिने मनात म्हटलं, सगळं वळू दे, मी बघते.

बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली. नवरा होता. त्याने काही विचारलं नाही. रुमाल न धरता, तसल्याच हातांनी, चेन एका झटक्यात वर ओढली. मध्यावर कातडीला चिमटा बसला आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सैल होतोय का बघा हो," ती म्हणाली. "नीट बघा."

त्याने खांदे बघितले. बाह्या बघितल्या. कमरेपाशी कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला.

"नाही गं," तो म्हणाला. "अगदी मापात आहे."